नळीवाल्या कापगते सिस्टर

कापगते सिस्टर वॉर्डात शिरल्या की आधी पलंगाखाली बघत आणि मग पेशंटच्या तोंडाकडे. नव्या माणसाला वाटे, बाई लाजाळू दिसतात, मान खाली घालून चालतात. मलाही पहिले दोन दिवस तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी जी झडती घेतली, तिने तो गैरसमज कायमचा फिटला.

मी तेव्हा मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका खाजगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून नुकताच लागलो होतो. आमचं घराणं सरकारी नोकरीतलं. आजोबा जंगल खात्यात, वडील शाळेत, काका तहसीलमध्ये. 'आमचा हा एकटाच लोकांच्या लघव्या तपासायला बसला,' असं काका चारचौघांत सांगत आणि मीही हसत असे, कारण ते खरं होतं. दवाखाना तीसेक खाटांचा. खाली ओपीडी आणि माझी लॅब, वर ऑपरेशन थिएटर आणि सर्जिकल वॉर्ड. त्या वॉर्डाच्या इन्चार्ज कापगते सिस्टर. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि पावलांचा आवाज म्हणून नाही. बाकीच्या सिस्टरांच्या खिशात मोबाइल असे. ह्यांच्या खिशात कागदी चिकटपट्टीची गुंडाळी आणि एक काळा मार्कर. मोबाइल ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या वाजत राही.

झडती झाली ती अशी. वॉर्डातल्या एका पेशंटला ऑपरेशननंतर ताप भरला. डॉक्टरसाहेबांनी लघवी तपासायला सांगितली. पेशंटला नळी घातलेली होती, नळीच्या टोकाला पिशवी लटकत होती आणि पिशवीत सकाळपासूनची लघवी साठली होती. मी पिशवीची तोटी उघडली, बाटलीत घेतली आणि निघालो. जिन्यात मागून सिस्टरांची हाक आली.

"भाऊ, हे कुठून घेतलं?"

"पिशवीतून."

"पिशवीतलं कधीचं आहे?"

"सकाळचं असेल."

"मंग ह्यात जंतू सापडले तर ते पेशंटचे का पिशवीचे?"

नळीवर नमुन्यासाठी एक खास जागा असते, ती स्पिरिटने पुसून सुईने ताजी लघवी ओढायची, हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं. पण शिकणं वेगळं आणि जेवणाचा डबा थंड होत असताना ते आठवणं वेगळं. सिस्टरांनी बाटली माझ्या हातातून घेतली आणि जिन्याखालच्या मोरीत रिकामी केली.

"ह्या रिपोर्टवर साहेब त्याले पाच दिवस भारी इंजेक्शनं देतील. शिरा त्याच्या टोचल्या जातील, तुमच्या नाही."

मला राग आला. जिन्यात उभ्या असलेल्या चपराशासमोर बोलल्या म्हणून जास्त आला. त्यांनी मात्र मला परत वर नेलं, पेशंटची नळी थोडा वेळ चिमट्याने बंद ठेवली, हात धुतले, मलाही धुवायला लावले आणि नमुना घेऊन दाखवला. तो नमुना स्वच्छ निघाला. रक्ताची काच बघितली तर त्यात मलेरिया सापडला. बालाघाटात ताप म्हटल्यावर ही काच मी आधी बघायला हवी होती, तेही सिस्टरांनी ऐकवलंच.

त्यानंतर आमची मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. त्या मला कामाला लावत आणि मी कुरकुरत लागत असे. पण त्यांचं बघत राहायची सवय मला जडली.

प्रत्येक नळीवर त्या चिकटपट्टीचा तुकडा लावत आणि त्यावर मार्करने दिवस लिहीत. एक, दोन, तीन. नळी मांडीला पट्टीने चिकटवलेली असे, थोडी ढील ठेवून, म्हणजे पेशंट कुशीवर वळला तरी आतून ओढ बसू नये. पिशवी पलंगाच्या दांडीला, पोटाच्या खाली आणि फरशीच्या वर. पिशवी रिकामी करायला प्रत्येक खाटेचा वेगळा डबा, डब्यावर खाटेचा नंबर. आधी वॉर्डात एकच निळा प्लास्टिकचा मग ह्या पलंगावरून त्या पलंगावर फिरत असे आणि त्याच्याबरोबर जंतूही फिरत. तो निळा मग त्यांनी फोडून कचऱ्यात टाकला, कारण नुसता टाकला असता तर कोणीतरी उचलून परत आणला असता, असं त्या म्हणत. माणसं ओळखण्यात त्यांची चूक क्वचितच होई.

नळीच्या तोंडाशी कोणी खोबरेल तेल लावे, कोणी पावडर. एका बाईने तर नवऱ्याला थंडावा मिळावा म्हणून हळद आणि तूप लावलं होतं. सिस्टर रागावल्या नाहीत. "साबण आणि पाणी, बस. तूप वरणावर टाका," म्हणाल्या आणि स्वतः सगळं पुसून काढलं.

नळी घातलेल्या माणसाला वाटतं की आपल्याला जोराची लघवी लागली आहे. इतर सिस्टर सांगत, 'नळी है ना, उसी में करो' आणि पुढे जात. कापगते सिस्टर आधी नळी कुठे वाकली आहे का ते बघत. एकदा एक पेशंट तासभर कळवळत होता. सिस्टर आल्या, वाकून बघितलं आणि पेशंटच्या बायकोला अगदी अदबीने म्हणाल्या, "बाई, जरा उठता का? तुम्ही ह्यांच्या लघवीवर बसून राह्यल्या." बाई पलंगाच्या कडेला नळीवरच बसलेली होती. नळी मोकळी असेल तर मात्र त्या पेशंटच्या पोटावर हात ठेवून समजावत. "आत एक छोटा फुगा आहे, तो टोचून राह्यला. तुमची लघवी तर चालू आहे. जोर नोको लावू, तोंडानं हळूहळू श्वास सोडा." अर्धी माणसं एवढ्याने शांत होत. उरलेल्यांसाठी त्या साहेबांकडून गोळी लिहून घेत.

साहेबांशी त्यांचं रोजचं एकच भांडण. राउंड संपला, साहेब दाराकडे वळले की मागून आवाज येई, "सर, आज काढू का?"

साहेब भोपाळकडचे. "सिस्टर, आपके पास दूसरा कोई सवाल नहीं है?"

"नाही सर. तीन नंबरले चौथा दिवस आहे."

मग साहेब तीन नंबरचा कागद परत बघत आणि बऱ्याच वेळा म्हणत, "निकाल दो." कधी कारण देऊन नाही म्हणत. तेव्हा सिस्टर कारण लिहून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी तेच विचारत. मला त्या एकदा म्हणाल्या, "नळी पाहुणी आहे भाऊ. कामापुरती आली, काम झालं का गेली पाहिजे. इथं लोक तिले घरजावई करून ठेवतात."

त्यांना खरा राग येई तो नातेवाइकांनी 'राहू द्या ना, सोय होते' म्हटल्यावर. एका म्हातारीचा मुलगा तसं म्हणाला. नळी असली म्हणजे आईला उचलून बसवायला नको, चादर बदलायला नको. सिस्टरांनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "सोय कोणाची?" त्या दिवशी नळी निघाली आणि पुढचे तीन दिवस सिस्टरांनी आणि वॉर्डातल्या मावशीने त्या म्हातारीला भांडं दिलं. मावशी मला खाली येऊन सांगून गेली, "हिचं डोकं फिरलं आहे. आपल्याच हातानं काम वाढवते."

मीही तेच म्हटलं. दुपारच्या डब्याला त्या कधीमधी लॅबमध्ये येत, कारण वॉर्डातला पंखा खराब होता. मी विचारलं, "सिस्टर, नळीनं तुमचं काय घोडं मारलं आहे?"

त्यांनी भाजीचा डबा माझ्याकडे सरकवला आणि ज्या आवाजात राउंडची माहिती सांगत, त्याच आवाजात सांगितलं.

त्यांचं सासर कटंगीजवळच्या एका खेड्यात. लग्नाला दोन वर्षं झाली होती, नोकरीला सहा महिने. सासऱ्यांचं गोंदियाला प्रोस्टेटच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि काही दिवस नळी ठेवून घरी पाठवलं. त्यांची शुश्रूषा करायची म्हणून सिस्टरांनी रजा घेतली. "दवाखान्यातून सिस्टर निघाली जी, आणि गावात बसमधून सून उतरली," म्हणाल्या. त्या घरात सून सासऱ्यासमोर उभी राहत नसे. पदर नाकापर्यंत. सासऱ्यांना मामाजी म्हणायचं आणि सासूला मामीजी. सासूने पहिल्याच दिवशी बजावलं, 'सुनेनं सासऱ्याच्या अंगाले हात लावायचा नाही. तुले जे समजते ते दाराबाहेरून सांग.' मग ह्या दाराबाहेर उभ्या राहून नवऱ्याला सांगत आणि नवरा करी. हात धुवा, पिशवी खाली ठेवा, तोटी डब्याला टेकवू नका. आठ दिवस सगळं नीट चाललं.

नवव्या दिवशी नणंदेला पाहायला पाहुणे आले. सासरे बाहेरच्या खोलीत बाजेवर. आता पाहुण्यांसमोर लघवीची पिशवी लटकताना कशी दिसू द्यायची? सासूने भरलेली पिशवी उचलली, सासऱ्यांच्या पोटाशी बाजेवर ठेवली आणि वरून गोधडी घातली.

"दाराच्या फटीतून सगळं दिसत होतं मले. पिशवी वर, मामाजी खाली. पिशवीतलं सगळं वापस आत चाललं होतं. दोन-अडीच तास. पोहे झाले, चहा झाला, पोरगी पसंत पडली."

"मग तुम्ही बोलल्या काहून नाही?"

"पाहुणे बसले होते ना जी."

तिसऱ्या दिवशी सासऱ्यांना थंडी वाजून ताप आला. परत गोंदियाला नेलं. जंतू रक्तात गेले होते. आठवड्याभरात ते वारले.

"त्या दुपारनंच झालं, असं कोणी नाही सांगू शकत," सिस्टर म्हणाल्या. "आधीपासून असू शकते, दुसऱ्या कशानं असू शकते. पण मले माहीत होतं आणि मी बोलली नाही, हे तर खरं आहे ना."

त्यानंतर सासू घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांची ओळख एका ठरलेल्या वाक्याने करून देऊ लागली. 'ही माही नर्स सून. ही घरात असून माहा मालक नळीनं गेला.' सिस्टर तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभ्या असत. मी विचारलं, पिशवी वर कोणी ठेवली ते तुम्ही कधी सांगितलं नाही का?

"त्या म्हातारीले आता ते ओझं कायले देऊ?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "फक्त एकदा तिनं म्हणावं का माह्या सुनेले ह्यातलं समजते. चार लोकांसमोर नाही तर नाही, एकटीनं म्हणावं. तेवढंच पाहिजे मले."

मला फार वाईट वाटलं. मला असं काही वाटलं की मी विनोद करतो, पण त्या दिवशी तोही सुचला नाही. सिस्टर हात धुवायला गेल्या.

ही हकिगत कळली म्हणून वॉर्डातल्या त्यांच्या वागण्यात मला काही हळवं दिसू लागलं असं नाही. तिथे त्या होत्या तशाच होत्या, प्रसंगी विनोदीसुद्धा. राजेगावकडचे एक निवृत्त गुरुजी ऑपरेशनसाठी आले, त्यांची गोष्ट सगळ्या दवाखान्यात गाजली. गुरुजींनी दोन पिढ्या शिकवलेल्या. भेटायला येणारा प्रत्येक विद्यार्थी, मग तो पटवारी असो की तिरोडीच्या खाणीतला फोरमन, आत आल्याबरोबर पायांवर डोकं ठेवायचा. पिशवी त्या वेळी पायथ्याच्या बाजूला लावलेली होती. एका पहिलवान विद्यार्थ्याने भक्तिभावाने पाय धरले आणि पायांबरोबर नळीही ओढली. गुरुजी ओरडले, पिशवीत लाल रंग उतरला. सिस्टरांनी सगळं नीट केलं, पिशवी उशाकडच्या बाजूला सरकवली आणि पलंगाच्या पायथ्याशी मार्करने लिहिलेला कागद लावला: 'गुरुजी के पैर आराम कर रहे हैं। प्रणाम दरवाज़े से करें।'

गुरुजींना ते फारसं आवडलं नाही. "इतक्या लांबून आलेल्या लेकरांना दारातून परत पाठवायचं का?" ते शुद्ध मराठीत म्हणाले.

"लेकरं येऊ द्या गुरुजी, गप्पा करू द्या. पायाले सुट्टी आहे, तोंडाले नाही."

दुसऱ्या दिवशी गुरुजी स्वतःच नव्या माणसाला दारात थांबवून सूचना वाचायला लावत होते, मोठ्याने, पूर्णविरामासकट.

फागूजींचं प्रकरण मात्र सिस्टरांच्या जिव्हारी लागणारं होतं. फागूजी कटंगीकडचे धानवाले शेतकरी, सत्तरीचे, उंच आणि अबोल. सासऱ्यांचं झालं होतं तेच गाठीचं ऑपरेशन. नळी काढून बघितली तर लघवी अडली, म्हणून परत घालावी लागली आणि आठवडाभर नळीसकट घरी जायचं ठरलं. मुलगा नागपूरला कामाला; रजेवर आला होता, पण दिवसभर शेतीच्या कामात अडकलेला, वॉर्डात फक्त संध्याकाळी येई आणि दोन दिवसांत परत जाणार होता. घरी बायको नाही. राहिली सून, रेखा. ती वॉर्डाच्या दारापाशी स्टुलावर बसून असे, सासऱ्यांकडे पाठ करून.

सिस्टरांनी सवयीप्रमाणे पलंगाखाली बघितलं. दुपारचे दोन वाजले होते आणि पिशवीत जेमतेम पेलाभर, चहासारखी गडद. टेबलावर पाण्याचा तांब्या काठोकाठ.

"मामा, पाणी काहून नाही पिऊन राह्यले?"

"प्यास नाही जी."

सिस्टरांनी मला बोलावलं आणि नमुना तपासायला दिला. लघवी फार दाट होती, जंतू अजून नव्हते. मी रिपोर्ट द्यायला वर गेलो तेव्हा सिस्टर पाणी-लघवीच्या नोंदवहीत बघत होत्या. फागूजी फक्त संध्याकाळी मुलगा असताना पाणी पीत. दिवसभर थेंब नाही. कारण घरी जायची तयारी म्हणून पिशवी आता घरच्यांनीच रिकामी करायची होती; पाणी प्यायलं की ती भरणार आणि दिवसा सुनेशिवाय कोणी नाही. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यांना ते वाटलंही नसेल.

मला वाटलं, आता भाषण होणार. सिस्टर रेखाजवळ गेल्या आणि विचारलं, "तुले भीती वाटते का घाण वाटते?"

"दोन्ही नाही जी. मामाजी काय म्हणतील?"

"ते काहीच नाही म्हणत. तहानेनं सुकून राह्यले."

त्यांनी ड्रॉवरमधून थिएटरची कापडी टोपी काढली आणि रेखाच्या डोक्यावर कपाळापर्यंत घातली. तोंडाला मास्क बांधला, हातात मोजे दिले. "आता सांग, डोकं उघडं आहे का?"

रेखाने मान हलवली. उघडं नव्हतं. पदरापेक्षा जास्तच झाकलेलं होतं.

मग सिस्टर फागूजींकडे गेल्या. "मामा, तुम्ही तिकडं भिंतीकडं पाहा. ती पिशवीकडं पाहीन. मर्यादा जिथल्या तिथं राहते. मंजूर?"

फागूजी भिंतीकडे वळले. सिस्टरांनी रेखाला एकदा करून दाखवलं आणि दोनदा तिच्याकडून करून घेतलं. आधी हात धुणं, डबा खाली ठेवणं, तोटी डब्याला न टेकवता उघडणं, बंद केल्यावर पुसणं, परत हात धुणं. सगळं झाल्यावर भिंतीकडूनच आवाज आला, "रेखा, पाणी दे."

सिस्टर पुढच्या सूचना देत होत्या. "घरी कोणी भेटाले आलं तरी पिशवी खालीच राहीन. आजे आले, सोयरे आले, कोणी आलं तरी. वर कोणी ठेवली तर तू सगळ्यांसमोर बोलशीन. बोलशीन ना?"

"हौ."

"मोठ्यानं म्हण."

"हौ, बोलीन."

आठवड्याने फागूजी नळी काढायला आले. ताप नाही, लघवी पाण्यासारखी स्वच्छ. नळी निघाली आणि दुपारपर्यंत ते दोनदा आपल्या पायांनी संडासात जाऊन आले. बसला उशीर होतो म्हणून सिस्टरांशी चार शब्दही न बोलता निघून गेले. रेखा तेवढी टोपी परत द्यायला थांबली, धुऊन इस्त्री केलेली.

पुढे मला गोंदियाला चांगली नोकरी मिळाली. माझ्या शेवटच्या आठवड्यात सिस्टरांच्या सासूबाई अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऐंशीच्या आसपासची, काटक म्हातारी. सिस्टरांचा नवरा त्यांना आमच्याच दवाखान्यात घेऊन आला. ऑपरेशन सकाळी झालं. नळी थिएटरमधल्या सिस्टरने घातली. कापगते सिस्टर बाहेर वहीत काही लिहीत असल्यासारख्या उभ्या होत्या, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांच्या वहीचं पान कोरं दिसलं.

दुपारी मी रक्त घ्यायला वर गेलो. सासूबाईंचा मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. म्हातारी गुंगीत होती, डोळे अर्धवट उघडे, चष्मा काढलेला. सिस्टर पलंगापासून हातभर लांब उभ्या राहून पिशवी बघत होत्या. गावी त्या नेहमी नऊवारीसारख्या चापून नेसलेल्या साडीत आणि पदरात असत. पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये सासूने त्यांना कधी बघितलेलंच नव्हतं.

म्हातारीचा हात चाचपडत नळीपर्यंत गेला. सिस्टरांनी तो हलकेच बाजूला केला.

"कोण जी?"

"सिस्टर," त्या म्हणाल्या.

"हे काय लावलं मले? नळी आहे का?"

"हौ. दोन दिवसांची आहे. नोको घाबरू."

मी रक्ताची बाटली हातात धरून होतो आणि सुई लावावी की नाही ते मला कळेना.

"सिस्टरबाई, माह्या सुनेले बोलवा. तेबी नर्स आहे, इथंच आहे कुठंतरी. तिले समजते ह्यातलं."

सिस्टरांची नजर पिशवीवरच होती. त्यांनी माझ्याकडेही बघितलं नाही.

"मले नाही समजलं तवा," म्हातारी म्हणाली. "पिशवी मीच उचलून वर ठेवलती. तिले मी दाराबाहेर उभी ठेवलती. आता येईन का जी ती?"

मी दाराकडे सरकलो. अशा वेळी तिथे असायचा मला काही अधिकार नव्हता, पण पायही लवकर निघेनात.

"येते, मामीजी," सिस्टर म्हणाल्या.

तो शब्द तोंडातून गेला आणि त्यांच्याही लक्षात आलं. म्हातारीने मान वळवली. चष्मा नव्हता, तिला दिसलं असेल ते पांढरं काहीतरी. तेवढ्याकडे बघत ती म्हणाली,

"मंग आत ये ना, बाई."

सिस्टर पलंगाजवळच उभ्या होत्या. तरी त्या एक पाऊल पुढे आल्या.